दुसरी घंटी

आमच्या घराचं दार काही बुटकं नाही. तरी माझे धाकटे दीर त्यातून वाकूनच येतात, आणि वाकले तरी अधूनमधून त्यांचं डोकं चौकटीला आपटतंच. आपटलं की ते चौकटीलाच म्हणतात, "माफ करा हं." आमचे हे त्यावरून त्यांची टर उडवतात. "अरे, लाकडाची कसली माफी मागतोस? उद्या पायपुसण्याला विचारून पाय पुसशील." भाऊजी हसतात आणि पायपुसण्यावर खरोखरच जपून पाय ठेवतात.

पाल दिसली की हा एवढा धिप्पाड माणूस खुर्चीवर चढतो. मी झाडू घेऊन येईपर्यंत वरूनच मला बजावत राहतो, "मारू नका हं वहिनी, नुसती बाहेर घालवा." लग्न जमलं नाही. एका घरी मुलगी बघायला गेले तर मुलीच्या आईने दार उघडलं, वर बघितलं आणि दार पुन्हा लावून घेतलं. "अंधारात ओळखलं नसेल हो," भाऊजी मला म्हणाले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

देवाने शरीर घडवताना हात सैल सोडला आणि मन घडवताना लोणी वापरलं. पण हे लोणी घरातल्यांनाच ठाऊक. ते जिथे नोकरी करतात तिथे त्यांना सगळे 'खांब' म्हणतात.

आमची वस्ती नदीच्या ह्या काठाला आहे. आमच्या पणजोबांना कामासाठी आणलं आणि इथे बसवलं. रंग आमचा काळा, केस कुरळे. आडनाव सांगायच्या आधीच समोरच्याला आमचा पत्ता कळलेला असतो. त्या काठचे लोक आमच्याकडून धुणी धुऊन घेतात, ओझी उचलून घेतात, त्यांची म्हातारी माणसं सांभाळून घेतात. तेव्हा आमची भीती वाटत नाही कुणाला. पाण्याला गेल्यासारखी जाते कुठेतरी, आणि आम्ही काही मागायला उभे राहिलो की लगेच परत येते.

भाऊजी आधी गोदामात पोती उचलायचे. कंबर धरली, मग ते काम सुटलं. त्याच सुमाराला त्या काठच्या मोठ्या दवाखान्यात पहारेकरी हवा होता. तिथे मुलांच्या मनाच्या आजारांचा एक वेगळा विभाग आहे. शाळा-कॉलेजातली मुलं येतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाला अन्न जात नाही, कुणाला जगणंच नकोसं होतं. विभागाच्या प्रमुख, ज्यांना तिथे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी भाऊजींना खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वस्तीतलेच ना? छान. म्हणजे तुमच्या मुलांनाही आपलं माणूस वाटेल."

हे वाक्य भाऊजींनी घरी येऊन आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. आपलं माणूस! त्या काठावर आपल्या मुलांसाठी कुणीतरी एवढा विचार करतंय याचं त्यांना कोण अप्रूप. मीही देवापुढे दिवा लावला. गणवेश मिळाला, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला काठी. बूट ते रोज असे चमकवायचे की आमची मुलगी त्यात बघून वेणी घालायची.

काम साधं होतं. बाहेरच्या दालनात मुलं आणि त्यांची माणसं बाकांवर बसलेली असतात. काचेच्या मागे नावं घेणारी बाई असते. तिच्यापाशी घंटीचं बटण. समुपदेशक बाईंची खोली रिकामी झाली की ही घंटी वाजवते. एक घंटी झाली की मुलाने आत जायचं. दोन झाल्या की मुलाबरोबर खांबानेही आत जायचं आणि दाराला पाठ लावून उभं राहायचं, बोलणं संपेपर्यंत.

दोन घंट्या कुणासाठी, हे भाऊजींना कुणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, जी मुलं फार बिथरलेली असतात, हात उगारतात, त्यांच्यासाठी. नोकरीवर घेताना एवढंच सांगितलं होतं, "घंटी झाली की आत जायचं." बाकीचं त्यांनी सवयीने ओळखलं. आत उभं असताना ते खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत. मुलाला अवघडू नये म्हणून.

"काय बोलतात हो मुलं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही बोलत, वहिनी. माझ्या पट्ट्याकडे बघत बसतात."

आता आमच्या मुलीविषयी सांगते. तिला घरात सगळे रेडिओ म्हणतात, आणि हे नाव भाऊजींनीच ठेवलं. बोलायला लागली तशी ही पोर थांबलीच नाही. शाळेतली भांडणं, मैत्रिणींची गुपितं, शेजारच्या मांजरीचा स्वभाव, सगळ्याचं प्रक्षेपण. लहानपणी काकाच्या खांद्यावर बसून बोलायची, मोठी झाल्यावर काकाच्या समोर बसून. भाऊजींचा वाटा "हं" एवढाच. फारच झालं तर म्हणायचे, "बाळ, जरा स्टेशन बदल."

गेल्या वर्षी ती त्या काठच्या मोठ्या शाळेत गेली. मार्क चांगले होते म्हणून घेतलं तिला. तिथे तिच्या मागच्या बाकावरच्या मुलींनी एक खेळ काढला. खोडरबर घ्यायचा आणि हिच्या दंडावर घासायचा, रंग निघतो का बघायला. पहिल्या दिवशी ही पण हसली. घरी येऊन तिने आम्हाला हसत हसतच सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी शाळेत जायला निघाले तर हिनेच हात धरला, "आई, नको ना, गंमत होती." शाळेत गेलेच मी. वर्गाच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुली आहेत हो. तुमच्या मुलीने जरा खिलाडूपणे घ्यायला शिकलं पाहिजे."

मग रेडिओचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालू लागली. न्हाणीघरात फार वेळ लागू लागला. एकदा दार नीट लागलं नव्हतं म्हणून मला दिसलं. कपडे घासायच्या ब्रशने ती स्वतःचे हात घासत होती. कातडी सोलून निघाली होती. मी ब्रश ओढून घेतला तर रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आई, मी नसते तर तुमचं कुणाचं काही अडलं असतं का गं?"

देवाला मी त्या दिवशी फार वाईट बोलले. तो ऐकून घेतो, त्याला सवय आहे.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, रडत बसू नका. माझ्याच विभागात आणा तिला. समुपदेशक बाई चांगल्या आहेत, हळू आवाजात बोलतात. त्या एकदा दार लावून घेतात ना, मग मूल आपोआप मोकळं होतं. मी बाहेर स्टुलावर असेनच." हे त्यांनी एक घंटीवाल्या मुलांचं पाहिलं होतं. बाहेर येताना त्या मुलांचे डोळे सुजलेले असायचे, पण खांदे सैल पडलेले असायचे. तेच आपल्या रेडिओचं होईल, असं त्यांनी धरलं. ती हात उगारणाऱ्यांतली थोडीच होती!

तारीख मिळायलाच इतके दिवस लागले की माझी रोजची प्रार्थना त्या एका तारखेपुरती उरली. त्या दिवशी आम्ही मायलेकी लवकर जाऊन बाकावर बसलो. काचेमागच्या बाईने मान वर न करता विचारलं, "वेळेवर आलात? तुम्ही लोक नेहमी उशीर करता."

"आम्ही पहिल्यांदाच आलोय," मी म्हटलं.

"तेच ते."

भाऊजी कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसले होते. रेडिओकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, घाबरू नकोस म्हणून. ती किंचित हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आणि घंटी झाली. आणि लगेच दुसरी झाली.

भाऊजी सवयीने उठून उभे राहिले. मग इकडेतिकडे बघू लागले, दुसरं कोण आहे म्हणून. दुसरं कुणी नव्हतं. काचेमागची बाई म्हणाली, "खांब, झोपलास का? जा की." रेडिओ उठली, लांब बाह्या मनगटावर ओढल्या आणि चालू लागली. तिच्या मागून माझा दीर, पट्टा-काठीसकट. दार लागलं.

आत काय झालं ते मला नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. समुपदेशक बाईंनी बाह्या वर करायला सांगितल्या. हात बघून विचारलं, "घरी कोण मारतं?" मग, "राग आला की तू काय करतेस? काही फेकतेस? कुणाला मारावंसं वाटतं?" रेडिओ भाऊजींच्या बुटांकडे बघत राहिली, ज्यांत बघून ती वेणी घालायची. एक शब्द बोलली नाही. कशी बोलेल? घरचा माणूस गणवेश घालून दार अडवून उभा, आणि समोरची बाई विचारतेय घरी कोण मारतं. बाईंनी निष्कर्ष काढला, मुलगी सहकार्य करत नाही, स्वभाव आतल्या गाठीचा आहे, लक्ष ठेवावं लागेल. पुढची तारीख दिली.

बाहेर आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं, "तुमच्यात मुलांना बोलायची सवय नसते ना, त्यामुळे वेळ लागतो."

रेडिओला! बोलायची सवय नसते!

घरी आल्यावर भाऊजींचं ताट वाढलं तर ते पानावर येईनात. मी बोलवायला गेले. रेडिओ त्यांच्यासमोरच बसली होती. तिने विचारलं, "काका, तुम्ही माझ्यावर पहारा देत होतात?"

"नाही गं बाळ. मी आपला... घंटी..."

"मग माझ्यापासून त्या बाईंना वाचवायला होतात?"

हत्तीएवढा माणूस तोंडात मारल्यासारखा बसला. मुलगी उठून आत गेली आणि पुढे कितीतरी दिवस ती काकाशी एक अक्षर बोलली नाही. आमच्याशीही नाही. रात्री तिची खोली उघडी ठेवून मी दाराशी अंथरूण टाकू लागले. इतकी मला तिच्या त्या 'मी नसते तर'ची भीती होती.

भाऊजी मात्र ऐकू लागले. इतकी वर्षं घंटी ते पायांनी ऐकत होते, आता कानांनी ऐकू लागले. वस्तीतलं मूल आलं, दोन घंट्या. हाडाची काडं झालेली, वाऱ्याने उडेल अशी मुलगी आली, दोन घंट्या. त्या काठचा एक मुलगा बाकाला लाथा मारत शिव्या देत बसलेला, एक घंटी. वस्तीतला एक इतका घाबरट पोरगा आला की त्याने दारातच भाऊजींना विचारलं, "काका, मला पकडून नेणार का?" दोन घंट्या. काचेमागची बाई मुलाकडे नीट बघतसुद्धा नव्हती. चेहऱ्याचा रंग तिच्या डोळ्याच्या कडेला दिसला की बोट आपोआप दोनदा पडत होतं.

ते मोठ्या बाईंकडे गेले. मला येऊन सगळं सांगितलं, बाईंच्या आवाजासकट.

"बाई, दोन घंट्या कुणासाठी असतात?"

"अवघड मुलांसाठी."

"पण तोंड उघडायच्या आधीच अवघड कसं कळतं?"

"अनुभवाने कळतं. पूर्वीपासूनची पद्धत आहे ती."

"दोन घंट्या आपल्या मुलांनाच का होतात, बाई?"

"आपल्या म्हणजे? इथे सगळी मुलं सारखीच आहेत. भलते अर्थ काढू नका. तुम्ही तुमचं काम करा. घंटी झाली की आत जायचं, बस."

"घंटी झाली की आत जायचं," भाऊजी म्हणाले.

"हो. एवढं सोपं आहे."

हे सांगून भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्यापासून मी बाईंचं ऐकणार."

मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते दुसऱ्याच दिवशी, रेडिओच्या पुढच्या तारखेला. ती येतच नव्हती. मी हात जोडले, रागावले, शेवटी म्हटलं, "माझ्यासाठी चल, मग तिथे तोंड उघडू नकोस हवं तर." तशी आली. आमच्या आधी त्या काठच्या एका बाईंचा मुलगा होता. बाई नीटनेटक्या, सुगंधी, हातात चाव्यांचा जुडगा. मुलगा रेडिओच्याच वयाचा, नखं कुरतडत बसलेला.

घंटी झाली. एक.

मुलगा उठला. भाऊजीही उठले, त्याच्या मागोमाग आत गेले आणि दार लावून घेतलं.

काचेमागच्या बाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चाव्यांच्या बाईंना क्षणभर कळेना, मग त्या ताडकन उठल्या. "हे काय? हा माणूस माझ्या मुलाबरोबर आत का गेला?" दार उघडून त्यांनी पाहिलं तर भाऊजी दाराशी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत उभे, समुपदेशक बाई अर्धवट उठलेल्या, आणि मुलगा पट्ट्याकडे बघत बसलेला.

"बाहेर या! माझा मुलगा काय गुन्हेगार आहे?"

पाच मिनिटंही झाली नव्हती हो. आमच्या वस्तीने हा प्रश्न वर्षानुवर्षं गिळला होता, ओठांवर येऊ दिला नव्हता, आणि ह्या बाईंना तो विचारायला श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. त्यांच्यावर मी रागावले नाही. आईने असंच विचारावं. मला राग आला तो आम्हाला गप्प बसायला लावणाऱ्या भिंतींचा.

काचेमागची बाई धावत बाहेर आली. "माफ करा मॅडम, तो चुकून गेला. खांब, एकच वाजली होती ना रे!"

"वाजली ना पण?" भाऊजी म्हणाले. "घंटी झाली की आत जायचं, मोठ्या बाईंनीच सांगितलंय. किती झाल्या ते मोजा असं कुणी सांगितलं नाही."

"अरे पण तू ह्यांच्यासाठी नाहीस!"

"मग कुणासाठी आहे?"

काचेमागची बाई चाव्यांच्या बाईंकडे बघू लागली, मग छताकडे. आमच्या बाकाकडे मात्र बघेना. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी. चाव्यांच्या बाईंनीच पुन्हा विचारलं, "सांगा ना, कुणासाठी असतो हा?"

"आमच्या मुलांसाठी," मी म्हटलं. मी उभी राहिले होते, कधी ते मला कळलं नाही. "आमचं मूल आलं की दोन घंट्या होतात. ही माझी मुलगी. हिने आयुष्यात झुरळ मारलं नाही. हिला त्या खोलीत बसवलं आणि हिच्या सख्ख्या काकाला काठी देऊन हिच्यावर उभं केलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"अहो, हळू बोला, हा दवाखाना आहे," काचेमागची बाई म्हणाली.

"दवाखाना आहे म्हणूनच आलो होतो. चौकीत जायचं असतं तर तिकडे गेलो असतो."

चाव्यांच्या बाई गोंधळल्या. "हे बघा, तुमचं काय ते मला माहीत नाही, पण माझ्या मुलाजवळ पहारेकरी नको."

"नकोच," भाऊजी म्हणाले. "मीही तेच म्हणतोय, बाई. कुणाजवळच नको."

तेवढ्यात आतून तो नखं कुरतडणारा मुलगा दारात आला. आईकडे न बघता म्हणाला, "मागच्या वेळी मी खुर्ची फेकली होती. तेव्हा हे आत नव्हते." त्याची आई लाल झाली. "तू गप्प बस," म्हणाली. तो गप्प बसला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. समुपदेशक बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी ती फेकलेली खुर्ची पाहिली होतीच की. त्या दिवशी त्यांनी दुसरी घंटी मागितली नव्हती.

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आपण हे माझ्या खोलीत बसून बोलू."

"इथेच बोला," मी म्हटलं. "घंट्या इथेच वाजतात."

"हे बघा, यात रंगाबिंगाचा काही संबंध नाही. ही सुरक्षेची पद्धत आहे."

"मग सांगा ना पद्धत काय आहे. मोठ्याने सांगा. दोन घंट्या कुणाला?"

त्यांनी तोंड उघडलं. बाकांवर त्या काठची माणसं होती, आमची माणसं होती, मधे त्यांची मुलं होती. वाक्य साधं होतं. तिथली प्रत्येक व्यक्ती ते जाणत होती. पण ते उच्चारायचं म्हटलं की जीभ जड होते. रोज बोटाने करता येतं ते तोंडाने म्हणता येत नाही. मोठ्या बाईंनी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि भाऊजींवर घसरल्या.

"तुम्ही आज शिस्त मोडली आहे. आजपासून तुमची ड्यूटी गाडीतळावर."

"जातो, बाई," भाऊजी म्हणाले. हुज्जत नाही, काही नाही. लाकडाची माफी मागणारा माणूस तो. "फक्त माझ्या पुतणीची घंटी होऊ द्या. मग जातो."

मोठ्या बाई बाजूला सरकल्या. तो मुलगा पुन्हा आत गेला, एकटा. त्याचं दार लागलं. आम्ही थांबलो. तो बाहेर आला, आईच्या मागून निघाला, आणि जाता जाता त्याने भाऊजींकडे बघून मान हलवली.

मग काचेमागच्या बाईने बटणावर बोट ठेवलं.

घंटी झाली.

दालनातला प्रत्येक माणूस पुढची ऐकायला थांबला. तिचं बोट बटणावरच होतं. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि डोळे त्या बोटावर होते. देवाने मला क्षमा करावी, त्या क्षणी मला देवापेक्षा ते बोट मोठं वाटलं. बाईने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे. मग बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं.

"जा बाळ," भाऊजी म्हणाले. ते स्टुलावर बसून राहिले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू कुणी उठवेल म्हणून स्वतःलाच धरून.

रेडिओ उठली. दाराशी जाऊन एकदा मागे बघितलं, काका बसलेला आहे ना याची खात्री केली. मग आत गेली आणि दार तिने स्वतः लावून घेतलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग समुपदेशक बाईंचा हळू आवाज. मग पुन्हा काही नाही. आणि मग तिचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, कळायलाही नकोत. आधी अडखळत, मग सलग, मग रडत, मग पुन्हा सलग. भाऊजींनी टोपी काढून तोंडासमोर धरली. त्यांचे खांदे हलत होते. काचेमागची बाई कागद चाळत बसली. मोठ्या बाई केव्हाच निघून गेल्या होत्या.

एका खेपेत सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. लांब बाह्या अजून आहेत. ब्रश मी अजून कपाटात कुलपात ठेवते. शाळेशी आमचं भांडण चालू आहे, ते बाईंच्या 'खिलाडूपणा'सकट मी वरपर्यंत नेणार आहे. पण आता ती तिथून निघाली की आधी गाडीतळावर जाते. भाऊजी गाड्यांना हात करत असतात, मागे घ्या, डावीकडे घ्या, आणि ही त्यांच्या बाजूला उभी राहून बोलत असते. परवा एक गाडी खांबाला जवळजवळ धडकली, कारण खऱ्या खांबाजवळ उभे असलेले आमचे खांब हिचं ऐकण्यात गुंगले होते. "बाळ, जरा स्टेशन बदल," ते म्हणाले, आणि ही खो खो हसली.

कुणी माफी मागितली का? नाही. समुपदेशक बाई रेडिओला एवढं म्हणाल्या की मागच्या वेळी तू का बोलली नाहीस ते मला कळलं. ते त्यांचं त्यांच्यापाशी. मोठ्या बाईंनी भाऊजींना परत आत बोलावलेलं नाही. पट्टा-काठी काढून घेतली, पगारही कमी झाला, आणि वर सगळ्यांना सांगितलं की इथे असा भेदभाव कधी नव्हताच. नव्हता, तर मग बोट मांडीवर का गेलं?

आणि बोटाचा काय भरवसा? सवय आहे ती. भाऊजी आता लांब, गाडीतळावरून त्यांना घंटी ऐकू येत नाही. म्हणून वस्तीतल्या आम्ही बायकांनी ठरवलं, आपल्यातलं मूल जायचं असेल त्या दिवशी कुणीतरी जाऊन बाकावर बसायचं. मी माझी जपमाळ घेऊन जाते. घरी बसून नाव घ्यायचं ते तिथे बसून घेते. देवाला जागेचं काही नसतं.

आज वस्तीतल्या धोबीणबाईंचा मुलगा होता. हडकुळा, सारखा पाय हलवणारा. त्याची आई कामावरून सुटू शकली नाही म्हणून तो एकटाच आला होता. माझ्याजवळ बसला. मी त्याला काही विचारलं नाही, आपली माळ ओढत राहिले. काचेमागच्या बाईने त्याचं नाव घेतलं आणि बटणाकडे हात नेला. मी माळ मांडीवर ठेवली. तिने मला पाहिलं.

घंटी झाली. मुलगा उठून एकटा आत गेला आणि दार लागलं. मी आणखी थोडा वेळ कान देऊन बसले. मग माळ उचलली आणि जिथे सोडली होती त्या मण्यापासून पुढे सुरू केलं.